वाचकांचे प्रश्न : नवशिका हात, सराईत हात

प्रश्न : उत्खननात मिळालेल्या दगडी हत्यारांवरून ती घडवणारा सराईत होता की नवशिका, हे खरेच सांगता येते का?

उत्तर : हत्यारावरून क्वचित, भोवती पडलेल्या कचऱ्यावरून बऱ्याचदा. चांगले हत्यार माणूस उचलून नेतो, जागेवर राहतात ते छिलके, म्हणजे घाव घालून सुटलेले तुकडे, आणि ज्या दगडातून ते काढले तो उरलेला गाभा. हे तुकडे पुन्हा एकमेकांना जुळवत गेले की कोणता घाव कोणत्या क्रमाने पडला ते उलगडते. काम अतिशय कंटाळवाणे, पण त्याला पर्याय नाही.

गाभ्याचा माथा, म्हणजे जिथे घाव घालायचा तो भाग, आणि छिलका सुटायची बाजू यांच्यातला कोन ९०° पेक्षा कमी हवा. कोन उघडा पडला किंवा घाव हलका बसला, तर तडा टोकापर्यंत न जाता मध्येच बाहेर वळतो आणि पृष्ठावर पायरी राहते. पुढचा छिलका त्याच पायरीला अडून तुटतो. मग पायरीवर पायरी चढते आणि गाभा निकामी होतो. नवशिक्याच्या गाभ्यावर हे तर दिसतेच, शिवाय कड चिरडलेली असते आणि माथ्यावर कडेपासून फार आत, फुकट गेलेल्या घावांच्या गोल खुणा असतात.

सराईताच्या हातूनही पायरी पडते. पण तो माथ्याची चकती उडवून कोन सुधारतो किंवा उलट्या टोकाकडून छिलका काढून पायरी पुसतो. नवशिका तिथेच आणखी जोरात मारतो. म्हणून चुका मोजण्यापेक्षा चुकीनंतरचा घाव पाहावा.

एक सावधगिरी. दगडातच चिरा किंवा गाठी असतील तर उत्तम कारागिराचेही काम असेच बिघडते. तुलना करायची ती सारख्या प्रतीच्या दगडांची. पॅरिसच्या दक्षिणेला एत्योल येथील मॅग्डेलेनियन काळातल्या, म्हणजे हिमयुगाच्या अखेरीच्या अश्मयुगातल्या, वस्तीत अशा जुळवणीतून दिसले, की लांब पाती काढण्याचे सफाईदार काम चुलीजवळ झाले होते आणि कच्च्या हातांचे काम चुलीपासून दूर.

प्रश्न : पद्धत एकदा समजली की कौशल्य यायला वर्षे का लागतात?

उत्तर : कारण पद्धत डोळ्यांनी शिकता येते, ठोका नाही. गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी घडवताना टोकदार लोखंडी सळई जमिनीत तिरपी रोवतात, तिच्या टोकावर दगड टेकवतात आणि दुसऱ्या बाजूने शिंगाच्या हातोडीने ठोकतात. छिलका सुटतो तो सळईच्या टोकाशी. व्हॅलेंटीन रू आणि ब्लांदीन ब्रिल या संशोधकांनी तिथल्या कारागिरांच्या हालचाली यंत्राने मोजल्या. दगडाऐवजी काच दिल्यावर उत्तम प्रतीचे मणी घडवणाऱ्यांनी हातोडीचा ठोका काचेला साजेसा बदलला. साधे मणी करणाऱ्यांना हा बदल तसा जमला नाही, अनुभव त्यांनाही भरपूर असूनही.

वेळखाऊ काम आणि कौशल्याचे काम यांची मात्र गल्लत नको. हडप्पा संस्कृतीतले लांब मणी अर्नेस्टाइट या कठीण दगडाच्या सामत्याने भोकलेले असत. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांच्या प्रयोगांत भोक तासाला साधारण २.५ मिलिमीटर पुढे सरकले. म्हणजे ६ सेंटिमीटरच्या मण्याला सुमारे २४ तास. एवढे तास मणी न फुटू देणे हे कौशल्य; तासांचा आकडा स्वतः नव्हे.

प्रश्न : मातीच्या वेड्यावाकड्या लहान भांड्यावर बोटाचा ठसा आहे. ते मुलाने केले असेल?

उत्तर : वेडेवाकडेपणा पुरेसा पुरावा नाही, घाईत मोठी माणसेही असेच करतात. ठशातल्या रेषांची रुंदी मोजा. प्रौढांत एक रेष आणि तिच्या शेजारची खाच मिळून साधारण अर्धा मिलिमीटर, लहान मुलांत त्याहून कमी. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे ठसाही लहान होतो. तशाच मातीची पट्टी करून ओली असताना तिच्यावर १०० मिलिमीटरची रेघ ओढा, भाजल्यावर ती पुन्हा मोजा. ९० भरली तर ठशाच्या मापाला ०.९ ने भागायचे : ०.४५ चे ०.५ होते आणि ‘मुला’चा ठसा मोठ्या माणसाचा ठरतो.