विममधला कोड टीमक्समधल्या पायथॉनला किंवा पीएसक्यूएलला पाठवताना इंडेंट आणि अर्धविराम का बिघडतात?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: डावीकडे विम हा एडिटर, उजवीकडे टीमक्सच्या (एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दुसऱ्या पेनमध्ये, म्हणजे भागात, पायथॉन नाहीतर पीएसक्यूएल (पोस्टग्रेस डेटाबेसचा प्रॉम्प्ट) चालू आहे, आणि विममध्ये निवडलेला तुकडा तिकडे जाऊन चालायला हवा आहे. त्या पेनच्या टर्मिनलची जी पीटीएस नावाची डिव्हाइस फाइल असते तिच्यावर इको करून पाहिलंत, तर अक्षरं पडद्यावर दिसली पण चाललं काहीच नाही. मग टीमक्सची सेंड-कीज ही आज्ञा वापरलीत. एखादी ओळ जाते, पण आख्खं फंक्शन पाठवलं की इंडेंटेशन एरर येते आणि एसक्यूएल पाठवलं की प्रॉम्प्ट नुसता थांबून राहतो.

उपाय आधी सांगतो. सेंड-कीज सोडा आणि टीमक्सच्याच लोड-बफर (मजकूर साठवणारी) आणि पेस्ट-बफर (तो पेनमध्ये चिकटवणारी) या आज्ञांची जोडी वापरा. कारणही सांगतो, कारण ते समजलं की पुढच्या अडचणी तुमच्या तुम्ही सोडवाल.

टर्मिनलमधला प्रोग्रॅम स्यूडो-टर्मिनलला, म्हणजे टर्मिनलची नक्कल करणाऱ्या जोडणीला, जोडलेला असतो आणि त्याला दोन टोकं असतात. एक पायथॉनच्या हातात, दुसरं टर्मिनल एम्युलेटरच्या किंवा टीमक्सच्या हातात. पायथॉनला ऐकू येतं ते फक्त त्या दुसऱ्या टोकाकडून. तुम्ही पीटीएसवर जे लिहिलंत ते पायथॉनच्या बाजूने बाहेर पडलं, म्हणून पडद्यावर उमटलं आणि पायथॉनला त्याचा पत्ताही लागला नाही. बाहेरून इनपुटमध्ये अक्षरं घुसवायची टीआयओसीएसटीआय नावाची एक जुनी सोय आहे, पण सुरक्षेसाठी लिनक्स ६.२ पासून ती बंद ठेवता येते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्यालाच सांगायचं, आणि तुमच्या बाबतीत ते टीमक्सच्या हातात आहे.

आता सेंड-कीज. नावातच आहे, ते कळा दाबतं. तुम्ही 'एंटर' हा शब्द पाठवलात तर तो शब्द न जाता एंटरची कळ दाबली जाते. हे एल हा पर्याय दिला की टळतं. पण अर्धविरामाचं काय? टीमक्सच्या स्वतःच्या भाषेत अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, पुढची सुरू. त्यामुळे पाठवलेल्या मजकुराच्या अगदी शेवटी अर्धविराम असेल तर तो टीमक्सच गिळतं. 'पावत्या' टेबलातल्या ओळी मोजायची साधी क्वेरी पाठवा आणि पीएसक्यूएलचा प्रॉम्प्ट बघा: =# होता त्याचा -# झालेला दिसेल. वाक्य अजून पुरं झालं नाही, असं पीएसक्यूएल सांगतंय. तुमचा प्रॉम्प्ट थांबून राहतो तो यामुळेच. अर्धविरामाआधी उलटा स्लॅश दिला की तो पोचतो, पण प्रत्येक तुकड्याची अशी डागडुजी कशाला करायची?

पायथॉनचं दुखणं वेगळं. फंक्शनच्या मधोमध तुम्ही वाचायला सोपं जावं म्हणून एक रिकामी ओळ सोडलेली असते. मूळ पायथॉन प्रॉम्प्टला रिकामी ओळ म्हणजे ब्लॉक संपला. पुढची ओळ चार स्पेस घेऊन आली की तो म्हणतो, हे इंडेंट कुठून आलं? तसंच एसक्यूएलमध्ये टॅब असतील तर पीएसक्यूएलला वाटतं तुम्ही नाव पुरं करून मागताय, आणि मधेच टेबलांच्या नावांची यादी समोर येते. कोड तुमचा बरोबरच असतो. समोरच्याला वाटतंय की कुणीतरी माणूस बसून टाइप करतोय, आणि तो टाइप करणाऱ्याला मदत करू पाहतोय.

म्हणून त्याला सांगायचं की हे टाइप केलेलं नाही, पेस्ट केलेलं आहे. याला ब्रॅकेटेड पेस्ट म्हणतात. मजकुराच्या आधी एस्केप आणि [२००~, नंतर एस्केप आणि [२०१~ अशा खुणा जातात, आणि त्या दोन खुणांमधलं सगळं प्रोग्रॅम जसंच्या तसं घेतो. टॅब म्हणजे टॅब, नवी ओळ म्हणजे नवी ओळ.

विममध्ये ओळी निवडा आणि कोलन दाबा. निवडीची व्याप्ती विम आपोआप भरतं, तिला हात लावू नका. पुढे डब्ल्यू, एक स्पेस, उद्गारचिन्ह आणि मग टीमक्स लोड-बफर डॅश. ती स्पेस विसरू नका. ती नसेल तर विमला वाटतं तुम्हाला फाइल जबरदस्तीने लिहायची आहे. शेवटच्या डॅशमुळे टीमक्स मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून घेतं, त्यामुळे अर्धविराम टीमक्सच्या आज्ञेत येतच नाही. मग पेस्ट-बफर, त्याला पी, डी आणि टी हे पर्याय. पी म्हणजे समोरच्याने ब्रॅकेटेड पेस्ट मागितला असेल तर त्या खुणा लाव, डी म्हणजे काम झाल्यावर बफर पुसून टाक, टी म्हणजे कुठल्या पेनमध्ये. दोन्ही आज्ञा विमच्या एकाच मॅपिंगमध्ये, म्हणजे एका कळीवर, बांधून टाका.

समोरच्या प्रोग्रॅमला मात्र हे कळायला हवं. आयपायथॉन या पायथॉनच्या सुधारित प्रॉम्प्टला कळतं. मूळ पायथॉनचा प्रॉम्प्ट ३.१३ मध्ये नव्याने लिहिला गेला, त्यालाही कळतं. ३.१२ किंवा त्याआधीचं असेल तर सरळ आयपायथॉन लावा. पीएसक्यूएल रीडलाइनवर (टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या लायब्ररीवर) चालत असेल तर रीडलाइन ८.१ पासून हे मुळातच चालू असतं, त्याआधीच्या ७.० आणि ८.० मध्ये इनपुटआरसी या तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चालू करावं लागतं.

हे सगळं हाताने नको असेल तर विम-स्लाइम हे प्लगइन आहे. ईमॅक्सच्या स्लाइमवरून सुचलेलं, कंट्रोल-सी दोनदा दाबलं की परिच्छेद पलीकडे. त्याचं मूळ लक्ष्य जीएनयू स्क्रीन हा टीमक्ससारखाच प्रोग्रॅम असतं, म्हणून सेटिंगमध्ये टीमक्स लिहा आणि ब्रॅकेटेड पेस्टचं सेटिंगही चालू करा. टीमक्स नसेल तर किटी आणि वेझटर्म या टर्मिनलांना त्यांची स्वतःची सेंड-टेक्स्ट आज्ञा आहे.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. टी पुढे पेनचा क्रमांक देऊ नका, आयडी द्या. मी क्रमांक देत होतो. विम ० वर, चाचणीचा डेटाबेस १ वर, आणि मॅपिंगच्या शेवटी एंटरही जोडलेला. एके दिवशी विमचं पेन दुभागून नव्या भागात खऱ्या सर्व्हरचा पीएसक्यूएल उघडला, फक्त दोन आकडे बघायला. टीमक्सने नव्या पेनला १ क्रमांक दिला आणि चाचणीवालं २ झालं. दहा मिनिटांनी मी नेहमीसारखा अपडेट पाठवला. पीएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणजे बदल लगेच कायम होतो. अपडेटच्या पुढे आलेला ओळींचा आकडा चाचणीच्या टेबलात असूच शकत नव्हता, तेव्हा काय झालं ते कळलं. बॅकअप होता, पण ओळी जुळवून परत लावण्यात ती रात्र गेली आणि माझ्यामुळे आणखी दोघंजण जागे राहिले.

आयडी टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतो, उदाहरणार्थ %५, आणि ते पेन असेपर्यंत बदलत नाही. त्या पेनमध्ये पीएसक्यूएल सुरू करण्याआधी शेलमध्ये टीमक्स_पेन (TMUX_PANE) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल छापून पाहा, तिथे तो मिळेल. पायथॉनसाठी मी मॅपिंगमध्ये एंटर ठेवला आहे. डेटाबेससाठी काढला. ब्रॅकेटेड पेस्टमुळे आख्खी क्वेरी प्रॉम्प्टवर थांबते, मी त्या पेनमध्ये जातो, डेटाबेसचं नाव वाचतो आणि मग एंटर दाबतो.

आणि विममधून आयडी देताना टक्क्याच्या आधी उलटा स्लॅश द्या. नाहीतर विम त्या चिन्हाच्या जागी चालू फाइलचं नाव घालतं, आणि टीमक्स म्हणतं असं पेनच नाही.