रुग्णालयाच्या दारावरचे नेतृत्व : नव्याने सुपरवायझर झालेल्या मुलीस पत्र

प्रिय मुलीस,

अनेक आशीर्वाद.

सुरक्षा सुपरवायझर म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. प्रसूती विभागाच्या दारावर उभी राहून कामाला सुरुवात केलेली मुलगी त्याच रुग्णालयाच्या रात्रपाळीची प्रमुख होते, असे आपल्या क्षेत्रात अजूनही क्वचितच घडते. तू दोन प्रश्न विचारले आहेस. वयाने वडिलांसारखे असलेले गार्ड तुझे का ऐकतील, हा पहिला. आणि पुढे जाण्यासाठी कोणता कोर्स करावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हाती असल्याशिवाय दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून पहिल्यावरच अधिक लिहितो.

गार्ड सुपरवायझरला जोखतात ते सर्वप्रथम त्याच्या ड्यूटीच्या तक्त्यावरून. कोणाला सलग किती रात्री लावल्या, कोणाची साप्ताहिक सुट्टी दर वेळी रविवारीच पडते, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा बदली गार्ड, आला नाही की डबल ड्यूटी नेहमी त्याच एका गरीब माणसाच्या गळ्यात का पडते, हे सगळे त्यांना पाठ असते. बारा तास उभा राहिलेला माणूस पुढचे बारा तासही थांबला, तर तो दारावर असतो एवढेच म्हणता येते. तो पहारा देत असतो असे म्हणता येत नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराची जागरूकता सर्वांत कमी असते आणि डुलकी लागलेल्या गार्डचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवणे फार सोपे असते. तो फोटो काढण्याआधी त्या माणसाची मागच्या आठवड्यातली हजेरी उघडून पाहा. तिथे तीन डबल ड्यूट्या दिसल्या, तर खुलासा त्याच्याकडून नव्हे, तक्ता बनवणाऱ्याकडून मागायला हवा, आणि आता तो तक्ता तू बनवणार आहेस.

मी स्वतः फौजेतून या कामात आलो. खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा 2005 चा कायदाही सुपरवायझर नेमताना सैन्य, पोलीस किंवा होमगार्डमध्ये किमान तीन वर्षे काम केलेल्यांना प्राधान्य द्यावे असे सांगतो. फौजेच्या शिस्तीचा मला अभिमान आहे. परंतु फौजेत जवानाचे जेवण, निवारा, रजा, घरच्यांचे औषधपाणी या सगळ्याची काळजी पलटण घेते आणि त्या काळजीच्या जोरावर हुकूम चालतो. खासगी सुरक्षेत आलेल्या माझ्या अनेक सहकाऱ्यांनी हुकूम सोबत आणला आणि ती काळजी मात्र मागे ठेवली; मग गार्ड टिकत नाहीत अशी तक्रार ते आयुष्यभर करत राहिले. तुझ्या खांद्यावर फौजेची पट्टी नाही याची खंत बाळगू नकोस. तुझ्या गार्डला रात्री दोन वाजता पाणी प्यायला, लघवीला जायला कोणी सोडवते का, पावसाळ्यात मागच्या फाटकावर डोक्यावर छप्पर आहे का, त्याचा पीएफ खरोखर जमा होतो का आणि ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) कार्ड त्याच्या हातात आले का, हे विचारणारा माणूस त्यांना कधी भेटलेला नसतो. तू विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा कर. वयाचा प्रश्न त्यानंतर फारसा उरणार नाही.

एका सुपरवायझरकडे पंधरापेक्षा जास्त गार्ड नसावेत आणि ते वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील, तर निदान सहा गार्डमागे एक सुपरवायझर असावा, असे त्याच कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत म्हटले आहे. इतके पॉइंट, म्हणजे पहाऱ्याच्या जागा, एकट्या माणसाला नीट सांभाळता येत नाहीत, एवढाच साधा विचार त्यामागे आहे. तुझ्यावर तीस जणांचा भार टाकला असेल, तर तोंडी कुरकुर न करता लेखी कळव. आपल्याकडे एकाच आवारात सुरक्षारक्षक मंडळाचे गार्ड, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान आणि एजन्सीची माणसे एकत्र काम करताना दिसतात. 1981 च्या कायद्याने मंडळे आली, 2010 च्या कायद्याने महामंडळ आले. काम एकच असले तरी पगार आणि सोयी मात्र सारख्या नसतात. तो फरक मिटवणे तुझ्या हातात नाही. पण अवघड पॉइंट नेहमी एजन्सीच्याच माणसाच्या वाट्याला येणार नाही, एवढे तुझ्या हातात नक्की आहे.

मस्टरबद्दल, म्हणजे हजेरीपुस्तकाबद्दल, मला स्पष्ट बोलले पाहिजे. लवकरच एजन्सीचा कोणी फील्ड ऑफिसर तुला सांगेल की आज दोन माणसे कमी आहेत, पण हजेरी पूर्ण दाखव, उद्या भरून काढू. ही विनंती फार गोड शब्दांत येते आणि नकार दिला तर नोकरीवर गदा येईल अशी भीती वाटते. तरीही सही करू नकोस. कागदावर उभा असलेला गार्ड ज्या रात्री प्रत्यक्षात नसतो, त्या रात्री त्याच्या पॉइंटवर काही घडले, तर रुग्णाचे नुकसान होतेच, शिवाय जबाब तुला द्यावा लागतो, कारण सही तुझी असते. जी माणसे कमी आहेत ती कमी आहेत असे लिही, त्याच पानावर कोणता पॉइंट कसा भरून काढला हे लिही आणि रुग्णालयाच्या प्रशासनाला त्याच रात्री कळव.

आता कॅज्युअल्टीकडे, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागाकडे, वळतो. रुग्ण दगावला, नातेवाइकांचा जमाव आत शिरला, अशा वेळी तुझी जागा सर्वांच्या पुढे आहे आणि तुझा आवाज सर्वांत शांत असला पाहिजे. नातेवाइकांपैकी ज्याचे इतर लोक ऐकतात असा एक माणूस हेरावा, त्याला बाजूला बसवावे आणि डॉक्टर त्याच्याशी दारामागे नव्हे, समोर बसून बोलतील अशी व्यवस्था करावी. बहुतेक भांडणे माहिती न मिळाल्यामुळे पेटतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्याचबरोबर आपल्या अधिकाराची मर्यादा प्रत्येक गार्डला तोंडपाठ असली पाहिजे. आपण पोलीस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला, तर कोणत्याही खासगी व्यक्तीप्रमाणे गार्डही गुन्हेगाराला धरू शकतो. मात्र विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचा हल्ला महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याने नेमका अशाच प्रकारचा गुन्हा ठरवला आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणजे धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही आणि कोंडून चौकशी करण्याचा तर मुळीच नाही. पकडलेल्या माणसाला चार फटके देणाऱ्या गार्डचे मागून कौतुक होते. ते तुझ्या तोंडून कधीही होऊ नये. बाईची झडती बाईनेच, आडोशाला आणि सभ्यपणे घ्यावी, हे तू स्वतः त्या दारावर उभी राहिलेली असल्याने तुला सांगायला नको.

ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती आता लिहितो. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली, दोनच दिवसांनी विरारमध्ये अतिदक्षता विभाग पेटला, आणि 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगीत अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. एका वर्षात आपल्या राज्याने हे पाहिले. या घटनांची तांत्रिक कारणे शोधणे अभियंत्यांचे काम आहे. पण अशा रात्री मजल्यावर जागा असलेला आणि दोन्ही हात मोकळे असलेला माणूस बहुधा गार्डच असतो, कारण परिचारिकेच्या हातात रुग्ण असतो. म्हणून त्या माणसाला काय येते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आणि इथेच आपल्या कामात एक विरोध आहे, तो आधी मान्य केला पाहिजे. सुरक्षेच्या दृष्टीने जितकी दारे कमी तितके बरे; आगीच्या दृष्टीने जितकी दारे उघडी तितके बरे. मागच्या जिन्यावरून नातेवाईक शिरतात, औषधे बाहेर जातात, गार्ड पुरत नाहीत, म्हणून कोणीतरी तिथे कुलूप घालते, आणि ते कुलूप अनेकदा सुरक्षा विभागाच्याच सांगण्यावरून लागलेले असते. हे कुलूप तू काढायला लाव. आतून ढकलताच उघडणारी कडी आणि दार उघडले की वाजणारी घंटा बसवण्याची मागणी लेखी कर, ती मंजूर होईपर्यंत तिथे माणूस ठेव, आणि माणूस नसेल तर चोरीचा धोका पत्कर. मला विचारशील तर या एका बाबतीत तडजोड नाही.

त्यापुढची तयारी खर्चाची नाही. 2006 च्या राज्य कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. तो कागद कार्यालयात असतो. तू मात्र दर आठवड्याला आग विझवण्याच्या प्रत्येक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे स्वतः पाहा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचे वजन तपासून घेतले जाते का तेवढे विचार. विजेच्या उपकरणाला लागलेल्या आगीवर पाणी मारायचे नाही, लिफ्ट वापरायची नाही, धूर असेल तर वाकून चालायचे, हे गार्डना सांगून भागत नाही. करून घ्यावे लागते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला जिन्याने खाली आणण्याआधी त्याच मजल्यावरच्या धूर नसलेल्या, दाराने वेगळ्या झालेल्या भागात हलवणे बहुतेक वेळा जलद आणि सुरक्षित असते, आणि चालता न येणाऱ्या माणसाला चादरीसकट ओढून नेता येते. ऑक्सिजनची झडप कुठे आहे हे गार्डला ठाऊक असावे, पण ती बंद करण्याचा निर्णय कक्षाच्या प्रमुख परिचारिकेचा किंवा डॉक्टरचा, कारण पलीकडे कोणी व्हेंटिलेटरवर असतो. हा सराव दिवसा अकरा वाजता पाहुण्यांसमोर घेऊ नकोस. रात्रपाळीत, आहेत तेवढ्याच माणसांत, परिचारिकांना आधी कल्पना देऊन घे.

नोंदवहीचे थोडक्यात सांगतो. वेळ, जागा, काय दिसले, काय केले, कोणाला कळवले, एवढेच लिहावे. ‘संशयास्पद वाटला’ असे न लिहिता तो माणूस काय करत होता ते लिहावे. खाडाखोड न करता चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारून सही करावी. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचे घड्याळ मागेपुढे धावते, ते महिन्यातून एकदा जुळवून त्याची नोंद ठेवावी आणि घटना घडली की चित्रीकरण पुसले जाण्याआधी वेगळे काढून ठेवायला सांगावे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे न्यायालयात अशा चित्रीकरणासोबत प्रमाणपत्र लागते, ते कोण देणार हे आधीच ठरलेले असावे.

आता कोर्सबद्दल. गार्डच्या प्रशिक्षणासाठी ठरलेले वर्गातले 100 आणि प्रत्यक्ष कामाचे 60 तास तू पूर्ण केले आहेस. एजन्सीतले पुष्कळ जण ते कागदावरच पूर्ण करतात, त्यामुळे तुझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते खरोखर मिळाले आहेत असे धरून चालू नकोस. तुझ्यासाठी मी पहिले सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवण्याचे तंत्र, ठेवीन, आणि तुझ्या रुग्णालयातच ते शिकवणारी माणसे आहेत: मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, थकवा येईपर्यंत पुतळ्यावर सराव. मग संगणकावर तक्ता बनवणे आणि इंग्रजीत अर्ध्या पानाचा अहवाल लिहिणे, कारण बैठकीत बोलावले जाण्यासाठी आज तरी तेच लागते. पदवी अपुरी राहिली आहे असे तू एकदा म्हणाली होतीस; यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ती नोकरी सांभाळून पुरी करता येते आणि ती पुढच्या प्रत्येक पायरीवर विचारली जाईल. सुरक्षा क्षेत्रातल्या एएसआयएस इंटरनॅशनल या संस्थेच्या परीक्षा जगभर मानल्या जातात, त्यांतली एपीपी ही सुरुवातीची आणि सीपीपी ही अनुभवी व्यवस्थापकांसाठीची आहे. त्यांचे शुल्क मोठे आहे, म्हणून घाई करू नकोस. पदवी झाल्यावर आणि काही वर्षे संघ चालवल्यावर त्या अभ्यासातले शब्द तुला अनुभवाने कळतील. झटपट सुरक्षा व्यवस्थापक करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नकोस.

तुझ्या जागी प्रसूती विभागाच्या दारावर आता नवी मुलगी येईल. आईच्या आणि बाळाच्या हातातली पट्टी जुळवल्याशिवाय आणि डिस्चार्जचा गेट पास पाहिल्याशिवाय कोणालाही बाळ घेऊन बाहेर सोडायचे नाही, मग ती व्यक्ती कितीही घाईत असो किंवा कितीही मोठ्याची नातेवाईक असो, हे तिला तू स्वतः तिथे दोन रात्री उभी राहून शिकव. ती एखाद्या मोठ्या माणसाला अडवेल आणि तक्रार थेट अधीक्षकांकडे जाईल, तेव्हा तिच्या शेजारी जाऊन उभी राहा.

दिवाळीच्या आठवड्याचा तक्ता आताच काढायला घे. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला कोण ड्यूटीवर होते ते जुन्या मस्टरवरून पाहा आणि त्यांची सुट्टी सर्वांत आधी लिही. तक्ता लावण्यापूर्वी एक प्रत मला पाठवलीस तर मी पाहून लगेच कळवीन.

तुझा हितचिंतक