मेहुण्याचं कोटेशन माझ्याच टेबलावर येणार आहे, कंपनीला सांगायला हवं का?

तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, परचेसला आहात. बायकोच्या भावाचं मच्छेला मशीनिंगचं युनिट आहे, तो जॉबवर्कचं कोटेशन देणार आहे. रेट सगळ्यांत कमी आहे, मग सांगायचं कशाला, असा तुमचा प्रश्न.

सांगा. कोटेशन यायच्या आधी, आणि लेखी. याच भागातल्या कारखान्यांत मी बरीच वर्षं स्टोअर्स आणि परचेस बघितलंय, म्हणून ठामपणे सांगतो.

रेट एकदाच ठरतो, त्यानंतर रोज काही ना काही तुमच्या हातात असतं. बोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये मशीनवर केलेलं भोक, ओव्हरसाइज निघाला, तर चूक मशीनिंगवाल्याची. मशीनिंग करताना ब्लोहोल, म्हणजे ओतकामात आत राहिलेली पोकळी, उघडा पडला, तर फाउंड्रीची. मधल्या केसेसवर वाद ठरलेलाच, आणि डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, कुणावर पडणार ते तिथं ठरतं. पेमेंट अडलेलं असताना कुणाचं बिल आधी पुढं सरकवायचं, हेही तसंच. तुम्ही कितीही चोख वागा, मेहुण्याची एक डेबिट नोट रद्द झाली की शॉपवर 'पावण्यांचं काम आहे' हे सुरू होणार. काही जण तो आळ नको म्हणून उलट मेहुण्यालाच ताणतात. तोही अन्यायच.

कायद्याचं म्हणाल, तर कंपनी कायदा, 2013 च्या कलम 184 प्रमाणे डायरेक्टरनं आपले हितसंबंध बोर्डासमोर जाहीर करायचे असतात, आणि पब्लिक कंपनीत तो विषय निघाला की चर्चेत भाग घ्यायचा नसतो. त्या कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सून-जावई, भाऊ-बहीण आहेत, मेहुणा नाही. पण यावर विसंबू नका. तुम्ही डायरेक्टर नाही, तुम्हाला लागू पडतं ते अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीची आचारसंहिता. ते काढून वाचा. त्या युनिटमध्ये तुमच्या बायकोची भागीदारी असेल किंवा तुम्ही पैसे घातले असतील, तर ते आधी सांगा. ती नात्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आपल्या बेळगावात शहापूर, वडगाव, खानापूर धरलं तर कोण कुणाचा पावणा नाही? चुलत्याच्या साडूपर्यंत यादी द्यायची गरज नाही. ज्याचा फायदा तुमच्या घरात येतो, किंवा ज्याला नाही म्हटलं तर घरात अबोला होईल, त्याचं नाव द्या.

मेल चार ओळींचा पुरे: युनिटचं नाव, मालकाशी नातं, तुमचा किंवा बायकोचा पैसा आहे की नाही, आणि 'या पार्टीचं कोटेशन, रेट, रिजेक्शन व बिल दुसऱ्या कुणाकडे द्यावं ही विनंती'. वरिष्ठ आणि एचआर दोघांना पाठवा, उत्तर जपून ठेवा. साहेबांना चहावर तोंडी सांगितलेलं ऑडिटला चालत नाही, आणि साहेब बदलले की त्याला साक्षीदारही उरत नाही. मेल गेल्यावर खरंच बाजूला व्हा. कंपॅरेटिव्ह शीट, म्हणजे सगळ्यांच्या रेटची तुलना, दुसऱ्यानं करायची आणि तुम्ही मागून डोकावायचं, असं नको.

मेहुण्यालाही आजच सांगा, की दुसऱ्यांचे रेट माझ्याकडून मिळणार नाहीत आणि बिलासाठी मला फोन करायचा नाही. कंपनी कदाचित त्याला काम देणार नाही. त्याचा रेट आणि क्वालिटी खरंच चांगली असेल, तर उद्यमबागेत दुसऱ्या फाउंड्र्या आहेत, तिथं त्यानं जरूर कोटेशन द्यावं.