जळगावात घरापुढच्या काळ्या मातीत बाग करायची आहे. लाल माती आणि वाळू किती टाकावी, आणि वसंतात काय काय लावावं?

लाल मातीची ट्रॉली नको आणि वाळूची एक पाटीसुद्धा नको. दहा बाय वीस फुटांची जागा, माती काळी, आणि नर्सरीवाल्याने "निम्मी माती बदला" असं सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. ज्या मातीवर खान्देशातला कापूस आणि केळी उभी आहे, तीच माती अंगणात आली की "बागेच्या कामाची नाही" ठरते. हे ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही भीती मुळात बांधकामातून आली आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर पाया घातला तर भिंती तडकतात, म्हणून बांधकामवाले ती उपसून मुरूम भरतात. पायासाठी ते बरोबरच आहे. पण झाडाला पाया घालायचा नसतो. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या याच चिकणमातीत पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद असते आणि मे महिन्यात तीच कामाला येते.

वाळूचं गणित करून बघा. 3 बाय 10 फुटांचा वाफा 9 इंच खोल धरला तर माती झाली साधारण 22 घनफूट. आपल्या भारी काळ्या मातीत निम्म्याहून जास्त भाग चिकणमातीचा असतो. तिचा पोत खरोखर बदलायचा तर वाळूही जवळपास निम्मी हवी, म्हणजे एका वाफ्याला 11 घनफूट, वजनात अर्धा टन. कोणी एवढी टाकत नाही. चार पाट्या टाकतात, आणि मग वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने गच्च भरून वाळल्यावर वीट तयार होते. गिरणा नदीचं पात्र आधीच खरवडून निघालंय, त्यात अंगणासाठी अजून भर नको.

लाल मातीचं काय होतं ते आमच्या दाजींच्या धुळ्याच्या घरी बघायला मिळतं. दाजी बांधकामाची कामं घेतात. घरापुढची काळी माती त्यांनी आधी धुम्मस मारून दाबून घेतली आणि वर फूटभर लाल माती पसरली. गुलाब, मोगरा, कडेने मेंदी. दिसायला पहिला हिवाळा झकास होता. उन्हाळ्यात लाल थर दुपारपर्यंत कोरडा पडायचा, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. खालच्या दाबलेल्या थरात मुळं शिरलीच नाहीत, ती वरच्या फूटभरात गोल फिरत राहिली. पावसाळ्यात उलटं झालं. लाल मातीतून पाणी झरझर खाली आलं, दाबलेल्या काळ्या थरावर येऊन थांबलं आणि तिथेच साचलं. टिकावाने फूटभर खणलं की खड्ड्यात पाणी जमायचं, मुळं तपकिरी आणि कुबट वासाची. गुलाब गेले. दाजींचं म्हणणं आजही हेच की काळ्या मातीने पाणी धरलं म्हणून झाडं मेली. माझं म्हणणं हे की दोष दोन मातींच्या सांध्याचा आणि धुम्मसाचा आहे. त्याच घराच्या मागे, मोरीजवळ, जिथे कोणी काही केलं नाही, तिथे त्याच काळ्या मातीत कढीपत्ता छपरापर्यंत गेलाय आणि गिलक्याचा वेल दरवर्षी येतो. दाजी म्हणतात, तो मोरीच्या पाण्याचा गुण. पाणी धरून ठेवणारी माती खाली नसती तर मोरीचं पाणी तरी किती पुरलं असतं?

आता तुमच्या कामाचं. जागेवर खरोखर काळी मातीच आहे ना, हे आधी बघा. नव्या प्लॉटवर बरेचदा वर मुरूम, सिमेंटचा गाळ आणि विटांचे तुकडे असतात. फूटभराचा खड्डा खणून बघा आणि बांधकामाचा राडा निघाला तर तो सगळा बाहेर काढा, कारण चुना-सिमेंटमुळे मातीचा सामू (पीएच) आणखी वर जातो आणि आपल्या मातीचा तो आधीच साडेसात ते साडेआठ असतो. तोच खड्डा पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनीही तसंच असेल तर खाली घट्ट थर आहे, तो पहारीने फोडावा लागेल.

काळी माती कोरडी खणू नका, ढेकळांशिवाय हाती काही लागत नाही. चिखलात तर अजिबात खणू नका, ते ढेकूळ वर्षभर फुटत नाही. एकदा भरपूर पाणी द्या, चार-सहा दिवस थांबा आणि वाफसा बघा: मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकायचा. फुटला तर खणा. चपटा होऊन राहिला तर अजून थांबा. 9 इंच ते फूटभर खणलं की पुरे. खाली लिंबाएवढी ढेकळं राहिली तरी चालतात, वरचे दोन इंच मात्र भुसभुशीत हवेत.

पैसे खर्च करायचेच असतील तर शेणखतावर करा. पहिल्या वर्षी दोन इंचांचा थर, म्हणजे 3 बाय 10 च्या वाफ्याला नऊ-दहा घमेली. ते वरच्या सहा इंचांत मिसळायचं. खत काळं, भुरभुरीत आणि वास न येणारं हवं. कच्चं शेण टाकलं तर उष्णतेने मुळं पोळतात आणि हुमणी-उधई (मुळं खाणारी अळी आणि वाळवी) घरी चालून येते. सोबत वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड. जिप्सम कोणीतरी सांगितलं म्हणून टाकू नका. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून रचना मोडलेल्या, जमिनीचं औषध आहे आणि जमीन चोपण आहे का ते माती तपासल्याशिवाय कळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे विचारा.

तुमच्या जागेत 3 फूट रुंदीचे चार वाफे बसतात, मध्ये दीड-दीड फुटांच्या वाटा. उरलेला साडेतीन फुटांचा पट्टा पश्चिमेकडे येईल असं बघा, तो मांडवासाठी. वाफे आत्ता उंच करू नका. इंटरनेटवर सगळीकडे गादीवाफे दाखवतात, पण आपल्याकडे उन्हाळ्यात गादीवाफा चारी बाजूंनी वाळतो. वाफा जमिनीच्या पातळीला किंवा दोन इंच खालीच ठेवा. मृगाच्या आधी वाटांची माती वर चढवून तोच गादीवाफा करायचा आणि वाटांच्या चाऱ्या करून पाणी बाहेर काढून द्यायचं.

वेळेचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात. वसंत म्हणजे आता लावायला सुरुवात, हे थंड मुलखाचं वेळापत्रक आहे. आपल्याकडे खणणं संक्रांतीनंतर, पेरणी महाशिवरात्रीपर्यंत, आच्छादन होळीच्या आधी आणि सावलीची जाळी पाडव्याच्या आधी. पाडव्यानंतर काही नवीन लावायचं नाही आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) फक्त पाणी सांभाळायचं. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो, तोपर्यंत मुळं खोल गेलेली हवीत.

भेंडी, गवार, चवळी, गिलके, दोडके, दुधी, काकडी, डांगर आणि पोकळा, हे आत्ताचं पीक. गवार सर्वांत चिवट. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, फूटभर अंतराच्या ओळींत, दोन रोपांत सहा-आठ इंच ठेवून, पाऊण इंच खोल पेरा. बियांवर माती ओढू नका, चाळलेलं शेणखत ओढा. काळ्या मातीवर पाणी पडून वाळलं की पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडा होऊन मरतो. "बी खराब निघालं" अशी तक्रार होते ती बहुतेक वेळा या पापडीमुळे. वेलांना दीड फुटाचा खड्डा, खड्ड्यात दोन-तीन बिया, दोन खड्ड्यांत चार-पाच फूट. गिलके आणि दुधी पश्चिमेच्या मांडवावर चढवा, म्हणजे एप्रिलमध्ये दुपारची सावली फुकट मिळते. कडक उन्हात वेलांना नर फुलंच जास्त येतात आणि फळ कमी धरतं, त्यामुळे घाबरून खत वाढवू नका.

टोमॅटोची रोपं मार्चमध्ये विकत घेणं म्हणजे पैसे वाया. दिवसाचं तापमान 35 च्या वर गेलं की फूल येतं आणि गळून जातं, फळ धरत नाही. भरताच्या वांग्याची रोपंही आत्ता नकोत, ती पावसाळ्यात लावून हिवाळ्यात खायची. मेथी-कोथिंबीर जाळीखाली मार्चपर्यंत, त्यापुढे नाही.

गुलाबाची "वसंतातली छाटणी" विसरा. ती आपल्याकडे ऑक्टोबरात होते. आत्ता फक्त सुकलेली फुलं आणि वाळकी काडी काढा. आत्ता छाटायचा तो मोगरा: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं, निम्म्यावर छाटायचा, पानं काढायची, बुडाशी दोन ओंजळी शेणखत घालून मग भरपूर पाणी.

पाण्याचा हिशेब आधी करा, झाडांचा मग. भरलेल्या 3 बाय 10 च्या वाफ्याला एप्रिल-मेमध्ये रोज वीस-पंचवीस लिटर लागतं. चार वाफ्यांना शंभर. नळ तीन-चार दिवसांआड येत असेल आणि टाकी लहान असेल तर यंदा दोनच वाफे करा. ठिबक लावा, जळगावात राहून ठिबक न लावणं बरोबर नाही. एका वाफ्याला दोन नळ्या, 40 सेंटिमीटरवर ड्रिपर, ताशी 2 लिटरचे, म्हणजे पंधराएक ड्रिपर. कागदावर ते तासाला 30 लिटर होतं, पण दहा फुटांवरच्या टाकीचा दाब कमी पडतो आणि निम्मंच पाणी येतं. ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटं मोजा. 160-180 मिली भरलं तर रोज दीड तास चालवा. टाकीला जाळीचा फिल्टर हवाच, आणि पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडून द्या, नाहीतर बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बसतात.

वॉशिंग मशीनचं आणि आरओचं सोडपाणी बागेत सोडू नका. साबणातल्या आणि सोडपाण्यातल्या सोडियममुळे काळ्या मातीची कणीदार रचना मोडते आणि ती खरोखरच चोपण होते. मग दाजींसारख्यांना पुरावा मिळतो.

मातीला भेगा पडूच द्यायच्या नाहीत, कारण भेग पडली की मुळं तुटतात आणि ठिबकचं पाणी सरळ खाली निघून जातं. त्याला उपाय आच्छादन: गव्हाचा भुसा, उसाचं पाचट किंवा केळीची वाळकी पानं, तीन-चार इंच, खोडापासून दोन इंच सोडून. पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) तुकडे चालतात, पण उरलेली बोंडं आधी वेचून काढा, गुलाबी बोंडअळी त्यातच असते. भेग पडलीच तर तिच्यात शेणखत भरून खुरप्याने तोंड बुजवा.

जाळी 50 टक्क्यांची, 75 ची नको, नाहीतर भेंडी नुसती उंच वाढते. सात-आठ फुटांवर बांधा आणि गाठी पटकन सुटतील अशा मारा. मेअखेरीच्या वादळात केळी आडव्या होतात तिथे घट्ट बांधलेली जाळी बांबूंसकट जाते.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घालू नका, चुनखडी त्याला लगेच बांधून टाकते. लिटरला 5 ग्रॅम हिराकस, त्यात अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा.

कुंड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हेही सांगायला हवं. कुंडीत नुसती काळी माती चालत नाही. ती आकसून कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली जातं. तिथे एक भाग काळी माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट असं मिश्रण करा. कुंडीपुरती लाल माती वापरलीत तरी माझी हरकत नाही. आणि प्लॉटवर आधीच फूटभर मुरूम पडला असेल, तर वर लिहिलेलं सगळं त्याला तसंच लागू होणार नाही. तो मुरूम काढून खालची काळी माती मोकळी करण्यातच पहिलं वर्ष जाईल.

लाल मातीची ट्रॉली तुम्ही उत्तर वाचण्याआधीच ओतून घेतली असेल तर ती फेकू नका. वाफसा आला की पहारीने दोन्ही थर छेदून फूट-दीड फूट खाली फोडा, लाल-काळी एकमेकांत मिसळा, त्यात दोन इंच शेणखत घाला, म्हणजे सांधा राहत नाही. दाजींनाही मी हेच सांगत आलोय, आणि हे काम मृगाच्या आधी व्हायला हवं.