शनिवार-रविवारचा इंग्रजी गृहपाठ

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. इंग्रजीच्या बाई शनिवारी गोष्टीची सात-आठ पानं वाचून १५० शब्दांत सारांश लिहायला सांगतात. ती रविवारी रात्री बसते, अडलेला प्रत्येक शब्द मोबाइलवर शोधते आणि शेवटी गोष्टीतलीच वाक्यं उतरवून काढते. मला इंग्रजी फारसं येत नाही. मदत कशी करू?
– एक पालक, धायरी

उत्तर : याला आळस समजू नका. पुस्तक समोर उघडं असलं की त्यातल्या अचूक वाक्यापुढे स्वतःचं अडखळतं वाक्य लिहायला मूल धजत नाही. म्हणून वाचन शनिवारी, लेखन रविवारी सकाळी, आणि लिहिताना पुस्तक मिटलेलं. एवढं केलं तरी उतरवणं बरंच कमी होतं.

पहिलं वाचन सलग करू द्या, शब्दकोश न उघडता. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. दुसऱ्या वाचनात यातले बरेच शब्द मागच्यापुढच्या वाक्यांवरून उलगडतात. उरलेल्यांपैकी जे वारंवार येतात किंवा ज्यांच्यावाचून प्रसंगच कळत नाही, असे सहा-सातच शोधायचे. दर शब्दाला थांबलं, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. मोबाइलवर आख्खा परिच्छेद मराठीत करून घेणं मात्र कटाक्षाने टाळा. त्यात गोष्ट कळते, इंग्रजी वाचायचं राहूनच जातं. बहुतेक पानांवर दहा-बारा टिंबं पडत असतील तर मजकूर तिला जड आहे, हे बाईंना जरूर सांगा. तोवर सरावाला सहावी-सातवीचं इंग्रजीचं पुस्तक घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतं.

तुमचं काम शनिवारी रात्रीचं. तिच्याकडून गोष्ट मराठीत ऐका : कोण, कुठे, त्याला काय हवं होतं, आडवं काय आलं, शेवटी काय झालं. जिथे ती अडखळेल, ते पान पुन्हा वाचायचं. यासाठी तुम्हाला इंग्रजी यायची गरजच नाही. रविवारी याच पाच प्रश्नांची पाच इंग्रजी वाक्यं लिहायची आणि प्रत्येकाला आणखी दोन-दोन जोडायची. दहा-दहा शब्दांची पंधरा वाक्यं झाली की सारांश तयार.

प्रश्न : वर्गात साठ मुलं. सोमवारी सगळ्या वह्या तपासून होत नाहीत, आणि लाल शाईने भरलेली वही मुलं नीट बघतही नाहीत.
– एक शिक्षक, हडपसर

उत्तर : आठवड्याला एकच प्रकारची चूक धरा आणि ती गृहपाठ देतानाच सांगा. मराठी माध्यमात काही चुका ठरलेल्या असतात. 'ही डिड नॉट वेन्ट' यात भूतकाळ दोनदा येतो. 'ही टोल्ड टू मी' यात 'मला'मधला 'ला' 'टू' होऊन उतरतो. 'शी गो'मध्ये क्रियापदाचा शेवट ('गोज'मधला 'ज') लिहायचा राहून जातो. 'अ', 'ॲन', 'द' गळतात, कारण मराठीत तशी उपपदंच नाहीत. ती सर्वांत शेवटी घ्या. नुसत्या नियमाने ती बसत नाहीत, भरपूर वाचन लागतं.

चूक दुरुस्त करून देऊ नका. त्या ओळीसमोर समासात फक्त खूण करा, चूक मुलाला शोधू द्या. दर सोमवारी पंधराच वह्या पूर्ण वाचा, म्हणजे चार आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. बाकीच्यांनी जोडीने वह्या बदलून एकमेकांचं लेखन मोठ्याने वाचायचं आणि त्या आठवड्याची चूक तेवढी शोधायची. तुम्ही वाचलेल्या वहीत मात्र मुलाने गोष्टीबद्दल काय म्हटलंय, यावर एक ओळ जरूर लिहा. लाल खुणांकडे न बघणारं मूलही ती ओळ वाचतं.