दुधाच्या दातामागून नवा दात आलाय, जुना उपटावा का?

ताई, तुमच्या साडेसहा वर्षांच्या मुलाला खालच्या दुधाच्या दातांमागे दोन नवे दात आलेत आणि शेजारी म्हणतात, लगेच उपटा, नाहीतर दात वाकडे येतील. मी खानापुरात दातांचा दवाखाना चालवते. जांबोटी-लोंड्याकडचे पालकही हीच काळजी घेऊन येतात.

घाबरू नका. पक्का दात वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं आणि तो हलायला लागतो. खालचे पटाशीचे दात जिभेच्या बाजूने येतात, त्यामुळे कधीकधी मूळ विरघळायच्या आधीच नवा दात दिसतो. जुना हलत असेल तर मुलालाच जिभेने हलवू द्या. तो पडला की जीभच नव्याला पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत पडला नाही किंवा हलतच नसेल तर दाखवा. दोरा बांधून ओढू नका.

मला जास्त काळजी वाटते ती मागच्या दाढेची. मुलाला आ करायला सांगा, मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे बघा. साधारण ६ व्या वर्षी तिथे वर-खाली, दोन्ही बाजूंना एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. काळे ठिपके दाखवले की पालक म्हणतात, "दुधाचीच हाय, पडंल की." ती पडत नाही हो, जन्मभराची असते!

दाढ अर्धवट वर असते तेव्हा तिच्यावर हिरडीचा पदर असतो, खाचा खोल असतात. कुंदा, चिक्की तिथे चिकटून राहते आणि सरळ धरलेला ब्रश पोचत नाही. ब्रश गालाकडून आडवा घाला. वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट पुरते. रात्रीचा ब्रश अजून वर्ष-दोन वर्षं तुम्हीच करा. दाढ पूर्ण वर आली की खाचा बुजवणारं सीलंट लावून घ्या, सुई लागत नाही. बेळगावात केएलईच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे.

वरचे पुढचे दात ७-८ व्या वर्षी बदलतील. दुधाच्या दाढा मात्र १०-१२ वर्षांपर्यंत राहतात, म्हणून किडल्या तर भरून घ्या. लवकर काढल्या तर ही मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही.