पावसाळा सरल्यावर पहिल्यांदाच हरिश्चंद्रगड करायचा आहे. कोणती वाट धरावी?

पाचनईची. गावातून दोन-अडीच तासांत गडावरच्या मंदिरापाशी पोहोचता, चढही फार दमवत नाही. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट देखणी आहे, पण लांब. खिंडीनंतर कातळटप्पा लागतो. रेलिंग असलं तरी ओल्या शेवाळावर बूट सटकतो आणि वरच्या पठारावर धुक्यात हमखास वाट चुकते. अरुंद घळीतून चढणारी नळीची वाट दोर आणि जाणता सोबती असल्याशिवाय नकोच.

माणशी तीन लिटर पाणी आणि विजेरी घ्या. गडावरच्या कोकणकड्याच्या काठावर उभं राहू नका. कडा आत वळलेला आहे, म्हणजे पायाखाली पोकळी, त्यात खालून येणारा वारा. पोटावर झोपा, कुणाला तरी पाय धरायला लावा, मगच खाली डोकावा. सूर्यास्त बघून अंधारात उतरायचा बेत मात्र करू नका.